विहारात प्रश्न विचारणाऱ्या पोराचं काय करायचं?

गेल्या वर्षावासातली गोष्ट आहे. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन घेतो. वीस-पंचवीस माणसं जमतात. त्यात पांढऱ्या साडीतल्या आयाबाया जास्त, पाच-सात म्हातारे, आणि मागं दाराला टेकून बसलेली चार-पाच पोट्टी. त्यांना आयांनी जबरदस्तीनं पाठवलेलं असतं. त्या दिवशी वंदना झाली, वाचन झालं, आणि 'कोणाला काही शंका असेल तर विचारा' असं आम्ही नेहमीप्रमाणं म्हटलं. म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, कोणी विचारत नाही. त्या दिवशी मागून दहावीतला एक पोरगा उठला.

"काका, आपन देव मानत नाही ना? मंग मूर्तीपुढं मेनबत्ती कायले लावतो? अन् हात कायले जोडतो?"

पुढच्या रांगेतून आवाज आला, "लय शायना झाला का बे? बस खाली." लोक हसले. पोरगा बसला. ज्यानं त्याला खाली बसवलं तो आमच्यातलाच एक जुना कार्यकर्ता. बाकीचे आम्ही गप्प राहिलो आणि सरणत्तयं घेऊन कार्यक्रम संपवला. पुढच्या रविवारी तो पोरगा आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. गणपतीच्या दिवसांत पलीकडच्या आळीतल्या मंडळाच्या मिरवणुकीत तो ढोल वाजवताना दिसला.

मग मात्र बैठक बसली. 'पोरं बिघडली', 'मोबाईलनं वाटोळं केलं', 'बापाला बोलवून समज द्या', 'बावीस प्रतिज्ञा पाठ नाहीत यांना' असं सगळं बोलून झालं. समज कोणाला द्यायची आहे, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी काढला नाही. आज तो काढतो आहोत. आमचं म्हणणं साधं आहे. आंबेडकरी घरातल्या किशोरवयीन मुला-मुलींना धम्म आणि मूल्यं द्यायची असतील तर आधी त्यांचे प्रश्न सहन करण्याची ताकद आपल्यात आली पाहिजे. ती आज आपल्यात नाही.

प्रश्न विचारणाऱ्या पोराचा एक प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली त्यांनी जी प्रस्तावना लिहिली, ती १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. त्यामुळं ग्रंथाची पारायणं करणाऱ्यांपैकीही पुष्कळांनी ती वाचलेली नसते. त्यात ते सांगतात की लहानपणी घरातलं वातावरण फार धार्मिक होतं आणि वडील मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. पुढं परीक्षा पास झाल्याबद्दल समाजानं भीमरावांचा सत्कार केला, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुस्करांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. (चरित्रकार ही परीक्षा मॅट्रिकची, १९०७ ची सांगतात, बाबासाहेब स्वतः इंग्रजी चौथीचं नाव घेतात. काहीही धरा, पोरगा किशोर वयातलाच.) पुस्तक वाचून पोराच्या डोक्यात किडा शिरला. त्यानं बापाला विचारलं, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची विटंबना आहे ते आम्हाला वाचायला का लावता?

रामजी सुभेदारांना प्रश्न आवडला नाही. असले वेडगळ प्रश्न विचारायचे नाहीत, तुम्ही पोरं आहात, सांगितलं तेवढं करायचं, अशा अर्थाचं ते बोलले. विषय संपला. म्हणजे घाटंजी तालुक्यातल्या आमच्या विहारात जे झालं तेच तिथंही झालं.

फरक पुढं आहे. भीमरावांनी काही दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि बाबासाहेब लिहितात की या वेळी वडील उत्तराची तयारी करून बसले होते. सुभेदार म्हणाले की आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड येण्याची भीती आहे. द्रोण, कर्ण ही लहान माणसं किती उंचीवर गेली ते बघा, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला. तो न्यूनगंड जावा म्हणून वाचायला सांगतो. पोराला त्यात काही तथ्य दिसलं, पण समाधान झालं नाही. त्यानं भीष्म-द्रोणांपासून रामापर्यंत एकेकाचा समाचार घेतला आणि यातला कोणीच मला आवडत नाही असं बापाला तोंडावर सांगितलं. सुभेदार गप्प राहिले. घरात बंड झालं आहे हे त्यांनी ओळखलं. त्या लहान वयात आपण बुद्धाकडं रिकाम्या मनानं गेलो नाही, असंही बाबासाहेब तिथं सांगतात.

या प्रसंगात आम्हाला सर्वांत मोठा वाटतो तो बापाचा मधला काळ. पहिला प्रश्न आणि दुसरा प्रश्न यांच्यामध्ये तो करड्या शिस्तीचा, फौजेत नोकरी केलेला माणूस विचार करत होता. पोराच्या प्रश्नावर आपल्याकडं उत्तर नाही, ते शोधलं पाहिजे, एवढं त्यानं मान्य केलं होतं. त्याचं उत्तर पोरानं खोडून काढलं ही वेगळी गोष्ट. पण उत्तर दिलं गेलं, आणि खोडल्यावर हात उगारला गेला नाही. आमच्या गावातल्या पोराला सुभेदारांचं पहिलं उत्तर मिळालं. दुसरं उत्तर घेऊन आम्ही त्याच्याकडं गेलोच नव्हतो.

आता कोणी म्हणेल, बाबासाहेबांची गोष्ट वेगळी, हे पोट्टे रील बघून प्रश्न विचारतात. विचारू द्या की. भीमरावांनी पुस्तक वाचून विचारला, हा रील बघून विचारतो. प्रश्न खरा आहे की नाही ते बघा. मूर्तिपूजा न मानणारे आपण मूर्तीपुढं हात का जोडतो, हा प्रश्न खोटा आहे का? आमच्यातल्या किती जणांना त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येईल?

इथं पिढीचा फरक समजून घ्यावा लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला गेलेले आमचे आजे-आज्या धर्म सोडून धम्मात आले होते. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. तिथून परत आल्यावर घरातले देव नदी-नाल्यात कसे सोडले, कोणाची म्हातारी कशी रडली, गावानं विहिरीचं पाणी कसं तोडलं, हे आम्ही त्यांच्या तोंडून ऐकलं. त्यांच्यासाठी 'मी गौरी-गणपतीची उपासना करणार नाही' या प्रतिज्ञेला किंमत होती, कारण ती घेताना त्यांनी काहीतरी सोडलं होतं. आज पंधरा वर्षांच्या पोराच्या घरात गौरी-गणपती कधी नव्हतेच. त्यानं सोडायचं काय? त्याला धम्म सातबाऱ्यावर नाव चढावं तसा वारशानं मिळाला आहे. आजोबांचं बंड त्याच्यापर्यंत घरातली रीत म्हणून पोचलं, आणि घरातल्या रीतीवर प्रश्न विचारणं हे त्या वयाचं कामच आहे. तो प्रश्न विचारतो तेव्हा तो आजोबाच्याच वाटेनं चालत असतो, आणि आपण त्याला परंपरेच्या नावानं खाली बसवतो.

मधल्या दोन पिढ्यांनी काही केलं नाही असं आम्ही म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाख बौद्ध, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. बौद्धांची साक्षरता ८१ टक्के, देशाची ७३. कापूस वेचणाऱ्या, खदानीत जाणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या माणसांनी पोटाला चिमटा काढून हे केलं आहे. पण करता करता 'शिका'चा अर्थ घरोघरी 'मार्क आण' असा झाला, आणि बाकीचं सगळं चौदा एप्रिलवर सोपवलं गेलं.

चौदा एप्रिलचं बोलू. डीजेच्या भिंतीपुढं पोरं नाचतात, त्यातली काही पिऊन नाचतात, आणि दुसऱ्या दिवशी आपण 'तरुणाई भरकटली' असं लिहितो. जरा जयंती समितीची यादी काढून बघा. अध्यक्ष चाळीस-पंचेचाळीसचा, खजिनदार पन्नाशीचा. डीजेची सुपारी त्यांनीच दिलेली असते, वर्गणी त्यांनीच फिरून आणलेली असते. पोरांनी फक्त पाय हलवले. आणि डीजे नको म्हणणारे आम्ही त्या जागी पोरांना काय देतो? तीन तासांचं भाषण. एके काळी जलसे होते, गायनपार्ट्या होत्या. वामनदादा कर्डकांसारखा माणूस गावोगाव फिरून गात होता आणि शाळा न शिकलेल्या माणसाला बाबासाहेब कळत होते. ते ऐकायला पोरं आपणहून येत. तो धागा आपण तुटू दिला, आणि तो तोडला डीजेनं असं म्हणतो.

दारूचं तर बोलायलाच नको अशी आपली पद्धत झाली आहे, म्हणून मुद्दाम बोलतो. शेजारी वर्ध्यात वर्षानुवर्षं दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बाया दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरल्या, त्यात आपल्या वस्तीतल्या बाया होत्या. बापे कुठं होते ते सांगायला नको. त्या पोराच्या घरी शेवटी आम्ही गेलो तेव्हा अंगणात बसून तो जे बोलला ते आम्हाला अजून टोचतं. "काका, माया बाप बी पंचशील म्हनते. सकाळी म्हनते अन् राती पेते. मंग ते कोनासाठी हाय?" बाप आत खाटेवर होता. त्याला ऐकू गेलं असावं.

बुद्धानं स्वतःच्या पोराला, राहुलला, खोटं बोलण्याबद्दल कसं शिकवलं ते मज्झिम निकायात आहे. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडंसं पाणी उरलं होतं. ते दाखवून बुद्ध म्हणाले, जाणूनबुजून खोटं बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचं श्रमणपण एवढंसंच. मग ते पाणी फेकून दिलं, भांडं पालथं केलं, पुन्हा सुलटं करून रिकामं दाखवलं, आणि दर वेळी तेच समजावलं. मग विचारलं, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, बघण्यासाठी. तसंच करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघत जा, यानं मला किंवा दुसऱ्याला इजा होते का. सम्राट अशोकानं बैराटजवळच्या शिलालेखात जे मोजके उपदेश आवर्जून वाचायला सांगितले त्यात राहुलला खोटेपणाबद्दल केलेला हा उपदेश आहे. म्हणजे तेवीसशे वर्षांपूर्वीही कोणाला तरी वाटलं होतं की बापानं पोराला सांगितलेली ही गोष्ट सगळ्यांनी वाचावी.

यात बुद्ध कुठंही 'मी सांगतो म्हणून' असं म्हणत नाहीत. पोराच्या हातात आरसा देतात. आता आमच्या त्या खाटेवरच्या भावाला सांगा की हा आरसा पोराच्या हाती दे. पोरगा पहिल्यांदा तो बापाकडंच फिरवणार. म्हणून आपण आरसा देत नाही, पाठांतर देतो. पाठांतर सुरक्षित असतं.

राहुलची आणखी एक गोष्ट पोरांना फार आवडते असा आमचा अनुभव आहे. अट्ठकथेप्रमाणं राहुल अठरा वर्षांचा असताना बुद्धांच्या मागं भिक्षेला चालला होता, आणि चालता चालता आपण दिसायला किती देखणे आहोत या विचारात रमला. बुद्धांनी वळून त्याला टोकलं. पुढं त्याला पृथ्वीसारखं, पाण्यासारखं व्हायला शिकवलं, श्वासाकडं बघायला शिकवलं. ही गोष्ट सांगितली की मागची रांग हसते, कारण प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असतो आणि प्रत्येकानं सकाळपासून स्वतःचे दहा फोटो काढलेले असतात. ते राहुलला ओळखतात. मोबाईल हिसकावून घेण्यापेक्षा ही गोष्ट सांगणं आम्हाला बरं वाटतं. हिसकावलेला मोबाईल मित्राकडून मिळतोच.

आता गणपतीचं. इथं आमच्यातच मतभेद आहेत, तेही लिहितो. मागं एका घरी सहावीतल्या पोरानं हट्ट धरला, सगळ्या मित्रांकडं गणपती आहे, आपल्याकडं का नाही. आईनं शेवटी छोटी मूर्ती आणून दिली. आमच्यातले काही जण त्या घरी जाऊन भांडले, फोटो काढून ग्रुपवर टाकला, 'प्रतिज्ञाभंग' म्हणून त्या बाईची बदनामी केली. नवरा विषबाधेनं गेलेला, शेतमजुरीवर घर चालवणारी बाई ती. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करता करता आमच्या जिल्ह्यात माणसं पटापट मेली, त्या वर्षीचं ते घर. त्या वेळी त्या दारात आपल्यापैकी किती जण गेले होते? प्रतिज्ञा मोडली हे खरं. तिसरी प्रतिज्ञा स्पष्ट आहे, तिच्यात पळवाट काढावी असं आमचं मुळीच म्हणणं नाही. पण सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी ओल्या कपड्यांनी सहा दिशांना नमस्कार करायचा, मरताना बापानं सांगितलं म्हणून. बुद्धांनी त्याला हिणवलं नाही. पूर्व दिशा म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरुजन, खालची दिशा म्हणजे नोकर-मजूर, अशी त्याच्याच दिशांना नवी माणसं देऊन टाकली, आणि कोणी कोणाशी कसं वागायचं ते सांगितलं. त्यात मजुराला त्याच्या ताकदीप्रमाणं काम द्यावं आणि मजुरी द्यावी हेही आहे. कपाशीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. सिगालचा हात रिकामा न करता त्याच्या हातात दुसरं दिलं. आपण त्या बाईच्या पोराच्या हातात काय दिलं? गणपतीचे दहा दिवस नेमके वर्षावासात येतात. तीन महिने आपल्या विहारात दिवे लागलेले असतात. त्या तीन महिन्यांत सहावीतल्या पोराला करण्यासारखं एकही काम विहारात नसतं. सजावट नाही, नाटक नाही, खाऊ नाही, मित्र नाहीत. पोराला देव हवा असतो की गर्दी, हे आधी तपासा.

काही साथी याच्या उलटं म्हणतात. त्यांचं म्हणणं, पोरांना धम्म-बिम्म कशाला, विज्ञान शिकवा, स्पर्धा परीक्षेला बसवा, पोटाचं बघा. श्रद्धा या शब्दाचाच आपल्याला त्रास झाला आहे. पोटाचं आम्हाला कळतं. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की आमच्या वर्गातली अर्धी पोरं शेतात असतात, आणि त्यांच्या रोजीवर घरातला किराणा येतो. पण बाबासाहेबांनीच नागपूरच्या भाषणात धर्माची गरज गरिबाला आहे, आशा त्याला जगवते, असं सांगितलं होतं. आणि पालीतली 'सद्धा' म्हणजे डोळे मिटणं असतं तर तिच्या जोडीला त्याच पाच बळांच्या यादीत 'पञ्ञा' आली नसती. शिवाय मन मोकळं सोडलं तर ते मोकळं राहत नाही, हे आम्ही डोळ्यांनी बघतो आहोत. विज्ञान शिकलेली, नोकरीला लागलेली आपली पोरं आज जातीच्या अभिमानाचे रील बनवत आहेत. गॉगल, गाडी, मागं भारदस्त संगीत, आणि 'आमच्या नादी लागू नका'. ज्यांनी आपल्याला छळलं त्यांचीच नक्कल, फक्त झेंड्याचा रंग निळा. हे बघून टाळ्या वाजवणाऱ्यांत मोठी माणसंही आहेत.

पोरींविषयी वेगळा लेख लिहावा लागेल, पण एवढं तरी इथं लिहितो. श्रामणेर शिबिराला पोरगा पाठवतात, पोरगी घरी भाकरी करते. पोराच्या हाती मोबाईल, पोरीचा मोबाईल तपासायला भाऊ. दहावी झाली की तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात, कारण 'जमाना खराब आहे'. एकीनं आमच्या वर्गात विचारलं की सर्व माणसं समान आहेत असं मी मानतो ही प्रतिज्ञा आमच्या घरात माझ्या भावानं घेतली आहे का? हसण्यासारखं काही नव्हतं, तरी दोन-तीन जण हसले.

पोरींच्या आणि पोरांच्याही बाबतीत आपल्या घराघरात जी भीती आहे तिची चेष्टा आम्ही करणार नाही. २८ एप्रिल २०१४ ला अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या नितीन आगेला मारलं, वरच्या जातीतल्या मुलीशी बोलला या संशयावरून, आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं संपवली, त्यात शिकणारी प्रियंका होती. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला गेला. ही नावं माहीत असलेली आई पोराला 'कोणाच्या अध्यात-मध्यात पडू नको' सांगते तेव्हा ती भित्री नसते. पण याच भीतीपायी आपण पोरांना जातीबद्दल काहीच सांगत नाही. बारावीपर्यंत जपून ठेवतो आणि मग पुण्याच्या, मुंबईच्या वसतिगृहात एकटं सोडतो. तिथं पहिल्याच आठवड्यात कोणी तरी 'तुझा रँक किती?' विचारतं आणि हसतं. पोराला कळत नाही की हे काय झालं. त्याला वाटतं आपल्यातच खोट आहे. सुभेदारांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ज्या न्यूनगंडाची भीती वाटत होती तो हाच. त्यांनी त्यावर औषध म्हणून चुकीचं पुस्तक दिलं असेल, पण रोग ओळखला होता. आपल्याजवळ बरोबर पुस्तक आहे, आणि रोगाचं नाव आपण घरात घेत नाही. सातवी-आठवीतच सांगा. काय झालं, कोणी केलं, आपण कसे लढलो, कायदा काय आहे, असा प्रसंग आला तर कोणाला फोन करायचा. आणि हेही सांगा की दुसऱ्या जातीतले जे चांगले मित्र आहेत ते तुझे मित्रच आहेत. केळुस्कर कोण होते ते सांगा.

आमच्या वर्गात आता थोडं बदललं आहे. फार नाही. वाचनाचा वेळ अर्धा केला. विहारात दाराजवळ एक वही ठेवली, जिच्यात नाव न लिहिता प्रश्न लिहायचा. पहिल्या महिन्यात वहीत हृदयाची चित्रं आणि एका मास्तराचं व्यंगचित्र निघालं. दुसऱ्या महिन्यात प्रश्न आले. आरक्षण किती दिवस घ्यायचं? बाबासाहेबांनी सूट-बूट का घातला? बुद्धानं बायको-पोराला रात्री सोडलं हे बरोबर होतं का? (याचं उत्तर बाबासाहेबांच्या ग्रंथात पहिल्याच भागात आहे, रोहिणीच्या पाण्याचा वाद, आणि यशोधरेचा निरोप घेऊन झालेलं गृहत्याग. वर्षानुवर्षं वाचन ऐकणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांनाही ते आठवलं नाही.) मी प्रेम केलं तर पाप आहे का? पुनर्जन्म नाही तर मग आजी कुठं गेली? काही प्रश्नांवर आम्ही आठवडाभर वाचून येतो. काहींवर 'आम्हाला माहीत नाही' म्हणतो. हे शब्द तोंडातून काढायला आम्हाला किती त्रास झाला ते आमचं आम्हालाच ठाऊक. ज्या जुन्या कार्यकर्त्यानं पोराला खाली बसवलं होतं, तो या वहीवर अजून नाराज आहे. पण येतो, आणि पुढच्या रांगेतच बसतो.

मेणबत्तीच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन आम्ही त्या पोराच्या अंगणात गेलो होतो ते सांगायचं राहिलं. आम्ही सांगितलं की विहारात आपण मागायला जात नाही. बुद्धानं काही द्यावं म्हणून हात जोडत नाही, तो देऊही शकत नाही, तो माणूस होता आणि गेला. फूल वाहताना आपण जी गाथा म्हणतो तिचा अर्थच असा आहे की हे फूल जसं कोमेजणार तसं हे शरीरही जाणार. ते स्वतःला सांगायचं असतं. मास्तर वर्गात आले की तू उभा राहतोस, तेवढंच ते हात जोडणं आहे. मेणबत्ती लावली नाही म्हणून तुझं काही बिघडणार नाही.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे त्या दिवशीच सांगितलं असतं तर?"

आम्ही म्हटलं, त्या दिवशी आम्हाला येत नव्हतं. तो थोडा हसला. पुढच्या रविवारी आला, मागंच दाराशी बसला. परवा वहीत एक प्रश्न निघाला, अक्षर त्याचंच वाटतं. बाप दारू सोडत नसेल तर त्याला वंदनेला पहिल्या रांगेत बसू द्यावं का, असं लिहिलं आहे. बाप त्या वेळी पहिल्याच रांगेत बसला होता. तो प्रश्न आम्ही अजून मोठ्यानं वाचलेला नाही. या रविवारी वाचायचा की आधी त्याच्या घरी जायचं, यावर आमचं एकमत झालेलं नाही.